पालीचे निमित्त

निशाने काचेच्या पेटीत पाण्याचा बारीक फवारा मारला. दगडाच्या कपारीतून करंगळीएवढी पाल बाहेर आली आणि काचेवरचे थेंब चाटू लागली. दारात घरमालक नृसिंहराव उभे होते. गेल्या पंधरवड्यापासून त्यांनी उंबऱ्याच्या आत यायचे सोडले होते.

“पाल न्हाय चालत आमच्यात,” ते म्हणाले. “अशुभ असतीय. पाल तरी काढा, न्हायतर खोली तरी सोडा.”

ही पाल गगनबावड्याच्या कातळावरची, अभ्यासासाठी रीतसर परवानगी काढून आणलेली. दिवसा हिंडते, म्हणून डोळ्यातली बाहुली गोल. घरच्या पालीसारखी उभी चीर नव्हे. ऊन मात्र सोसत नाही, म्हणून पेटीभोवती ओले गोणपाट. सुरुवातीला या घराला तिचे केवढे कौतुक होते! मालकीणबाई, म्हणजे ताई, काळी पडलेली केळी मुद्दाम राखून ठेवायच्या. त्यांवर जमणारी चिलटे हेच पालीचे जेवण.

मग एप्रिलात शिरोळहून निशाचे वडील नागसेन आले. त्यांनी भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावली आणि निघताना नृसिंहरावांना मोठ्याने जयभीम केला. खोली देताना ‘शिरोळकर’ हे आडनाव ऐकून नृसिंहरावांनी जात मनातल्या मनात ठरवून टाकली होती, आणि ती चुकली होती. दुसऱ्याच दिवशी पाल अशुभ झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय!

वडील फोनवर म्हणाले, दुसरी खोली बघू, वाद कशाला. निशाला त्यांचाही राग आला. या वेळी निमूट निघाले, तर पुढच्या प्रत्येक दारातून असेच निघावे लागेल, हे तिला पक्के ठाऊक होते.

“काका, कपारीत दोन अंडी हायत, दगडाला घट्ट डकवलेली,” ती म्हणाली. “धक्का लागून फुटली तर संपलं. पिल्लं येईपर्यंत मी हलणार न्हाय. आन् तुमच्या छतावर पाली हिंडत्यात, त्यांना आधी खोली सोडायला सांगा.”

नृसिंहरावांनी तिचा नळ बंद केला. निशा शेजारच्या गल्लीतून कळशी भरून आणायची, तीही पुढच्या दारातून, सगळ्यांच्या देखत. गोणपाट एक दिवसही कोरडे राहिले नाही.

पिल्ले बाहेर आली, शेपटीसकट बोटाच्या पेराएवढी. नोंदी पुऱ्या झाल्यावर निशाने सगळ्यांना गगनबावड्याला नेऊन त्याच कातळावर सोडले आणि संध्याकाळी रिकामी पेटी काखेत मारून ती परतली. नृसिंहराव कट्ट्यावर बसले होते. पेटी पाहून त्यांचा चेहरा खुलला. मग खोली कधी रिकामी करताय, त्यांनी विचारले.

“पाल गेली, काका. आता खोली कशापायी सोडायची, तेवढं सांगा.”

नृसिंहरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. निशा त्यांच्यासमोर उभीच राहिली.

आतून, स्वयंपाकघरातून, ताईंचा आवाज आला.

“सांगा की आता.”