कोऱ्या नळीतली रेघ

मी एक जुना चिमटा आहे. माशांची जात ओळखणाऱ्या प्रयोगशाळेत माझी हयात गेली. मित्रांनो, माशाचा तांदळाएवढा तुकडा उचलायचा आणि नळीत टाकायचा, एवढंच माझं काम. प्रत्येक तुकड्यानंतर मला ब्लीचच्या पाण्यात बुडवून ज्योतीवर धरतात. नाहीतर एका माशाचा डीएनए दुसऱ्याच्या नळीत जातो. आगीचे चटके सोसतात, पण ती चुकली की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

एकदा शीतगृहाचे शेठ सोललेल्या माशाचा नमुना घेऊन आले. माल शाळेच्या स्वयंपाकघरात जायचा होता, आणि त्यातला तुकडा खाऊन एका हमालाचे ओठ बधिर झाले होते. हा अंग फुगवणारा मासा; त्याच्या दोन जाती सख्ख्या भावांसारख्या. एक खाण्याजोगी, दुसरीचं विष शिजवूनही जात नाही. कातडी काढल्यावर ओळखणार कोण? यंत्र नळीतला डीएनए वाढवतं, आणि शोधलेली जात त्यात असली तर तिची रेघ उमटते. चांगल्या जातीची रेघ उमटली, तरच माल मोकळा.

"ताई, आटपा हो. गाडी दारात उभी आहे," शेठ म्हणाले. जिभेवर साखर, नजर घड्याळावर.

"मासा मेलाय शेठ, पळून नाही जायचा," चाचणी करणारी ताई म्हणाली. पण बोलण्याच्या नादात तिने मला तुलनेसाठी ठेवलेल्या खात्रीच्या चांगल्या माशातून काढलं, नुसतं पुसलं आणि शेठच्या माशाला लावलं. टोकाला चांगल्याचा अंश तसाच. मी ओरडणार कशाने? शेवटी रिवाजाप्रमाणे तिने मला निव्वळ पाण्याच्या कोऱ्या नळीत बुडवलं; तिच्यात रेघ आली, तर चाचणीच खोटी.

यंत्र घुमत राहिलं. माझ्या डोळ्यांपुढून शाळेतली ताटं हलेनात.

शेठच्या माशासमोर चांगली रेघ उमटली. प्रयोगशाळेच्या साहेबांनी सहीसाठी पेन उघडलं.

"साहेब, थांबा," ताईने बोट ठेवून दाखवलं. "कोऱ्या नळीतही रेघ आहे. चिमटा मी जाळलाच नाही."

"तुझ्या नावावर चूक लिहावी लागेल. नोकरीवर येईल."

"लिहा. पण गाडी हलू देऊ नका."

"म्हणजे तुमच्या चिमट्यापायी माझा माल नासवायचा?" शेठ फणकारले.

चाचणी पुन्हा लावली. या वेळी मला लालबुंद होईपर्यंत जाळलं. चांगल्या जातीची रेघ उमटलीच नाही. मग विषारी जातीची चाचणी लावली. ती रेघ ठळक आली.

शेठनी घड्याळाकडे पाहणं सोडलं. म्हणाले, "ताई, माझा धाकटा त्याच शाळेत जेवतो."

अजूनही ज्योत पेटायला उशीर झाला की मी थरथरतो. मित्रांनो, हत्यार स्वच्छ ठेवा. आणि राहिलंच कधी, तर सही होण्याआधी बोला. आम्हाला नुसती टोकं असतात. तोंड तुम्हाला आहे.