एदिलेनची रोझा

"सोड! सोड म्हणते ना!" एदिलेनने झाडू कुत्र्याच्या नाकावर हाणला, तेव्हा कुठे फुमासाने तोंडातलं कासव खाली टाकलं.

रोझाच्या कवचाचा मागच्या कडेचा तुकडा उडाला होता आणि रक्त येत होतं. फुमासा शेपटी हलवत उभा. हाडूक समजून चघळत होता, त्याला बिचाऱ्याला काय कळणार? राग यायला हवा होता त्याच्या मालकाचा. साव पाउलोत बस चालवणारा तिचा धाकटा भाऊ जेनिवाल संत जॉनच्या सणाला मित्राच्या ट्रकमधून गावी आला होता, आणि येताना हे धूड घेऊन आला होता.

"बांधून ठेव म्हणून चारदा सांगितलं तुला! या अंगणात कोंबड्या आहेत, मांजर आहे. हिला कुणी हात लावत नाही. मांजर तर पाठीवर झोपतं हिच्या."

"अगं ताई, एका कासवासाठी एवढी बोंब? दुसरं आणून देतो."

'दुसरं' म्हटल्यावर एदिलेनने उगारलेला झाडू खाली ठेवला.

जेनिवाल चार वर्षांचा असताना त्याला दम्याने धरलं होतं. आईने रोझाला आणून त्याच्या खाटेखाली ठेवलं. कासव पोराचा दमा स्वतःवर घेतं, हे त्या भागात सगळेच मानतात. अट एवढीच, की कासवाला नीट सांभाळायचं, घरातून घालवायचं नाही. ते गेलं की दमा परत पोराच्या छातीत. वडिलांनी कवचाच्या कडेला भोक पाडून त्यात दोरी ओवली. दमा गेला. मग वडील गेले, जेनिवालही शहरात गेला. मागे उरलं कासव, आणि त्याचं करायला एदिलेन. दिवसभर ती आरोग्य केंद्रात पोरांच्या नाकातोंडावर वाफेचा मास्क धरायची आणि घरी येऊन रोझासाठी भोपळ्याच्या साली चिरायची, जास्वंदीची फुलं तोडायची. रेसिफे शहरातल्या एका भल्या माणसाने तिला मागणी घातली होती, तीही तिने नाकारली. "कासवाला विचारून सांगते म्हणाली असेल," असं शेजारणी म्हणायच्या. एदिलेनही त्यांच्यासोबत हसायची.

खरी गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. अठरा वर्षांपूर्वी याच सणाला दारापुढच्या शेकोटीची लाकडं तिनेच रचली होती. दिवसभर पाऊस भुरभुरत होता. आडोसा बघत रोझा लाकडांच्या ढिगात शिरली, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी राखेत कवच सापडलं. आई उठायच्या आत एदिलेनने राख गोणीत भरली आणि पहिल्या गाडीने मावशीच्या गावाहून तेवढंच दुसरं कासव आणलं. वडिलांनी पाडलं होतं तिथेच भोक पाडलं. जेनिवालला काही झालं नाही, म्हणजे दमा या कासवाने घेतला असं तिने धरलं; आता हेही सोडून कुठे जायची सोय नव्हती.

तेव्हापासून दर वर्षी शेकोटी पेटवण्याआधी ती रचलेली सगळी लाकडं उपसून बघायची आणि परत रचायची. लोकांना वाटायचं, बाईला रचणं पसंत पडत नाही.

गलका ऐकून आई काठी टेकत अंगणात आली. खाली बसून तिने कासव मांडीवर घेतलं. एदिलेन सलाईनच्या पाण्याने जखम धुऊ लागली.

"आई, भोक होतं तोच तुकडा गेला गं." जेनिवालचा हात नकळत छातीवर गेला. "मला नाही ना काही होणार? काल शेजारच्यांची शेकोटी पेटली तेव्हा जरा खोकला आला होता."

"तुला काय धाड भरलीय? तुझी रोझा अठरा वर्षांपूर्वीच गेली."

एदिलेनचा हात तिथेच थांबला.

आईने कासव कलतं करून त्याच्या पोटावरून अंगठा फिरवला. "तिचं पोट सपाट होतं. मादी होती ती. ह्याला खळगा आहे बघ. नर आहे हा. पहिल्याच आठवड्यात आंघोळ घालताना कळलं मला."

"आणि बोलली नाहीस?" एदिलेनने विचारलं.

"घाबरले होते. महिनाभर रोज फोन करून जेनिवालला विचारायचे, नीट झोपतोस ना रे? हा ठणठणीत. मग कळलं, कासवाचा आणि दम्याचा काही संबंध नाही."

"म्हणजे रेसिफेहून तो आला, तेव्हा तुला सगळं माहीत होतं?"

आई कासवाचं ओलं कवच पुसू लागली.

"आई, मी तुला विचारतेय."

"होतं. सांगितलं असतं तर तू गेली असतीस, पोरी. मला एकटीला जमलं नसतं. चुकलं माझं."

जेनिवाल काहीतरी बोलणार होता. एदिलेनने नुसतं बघितलं आणि तो कुत्र्याला बांधायला निघून गेला. तिला ओरडावंसं वाटत होतं, त्या कासवाला उचलून रस्त्यावर ठेवावंसं वाटत होतं. पण जखम उघडी होती आणि माश्या घोंगावत होत्या. तिने आयोडीन लावलं, वर गॉझ बसवलं, कासव उचलून आत नेलं आणि आपल्या खाटेखाली फडक्यावर ठेवलं. मग हात धुऊन ती दारापुढे आली. सकाळी रचलेला ढीग उभा होता. तिने वरचा ओंडका काढला.

"ताई, कासव तर घरात आहे!" जेनिवाल कुंपणापासून ओरडला.

"माहितेय मला."

ती एकेक ओंडका काढत राहिली. थोड्या वेळाने काठीचा आवाज आला. आई शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने हात पुढे केले. एदिलेनने तिच्याकडे बघितलं नाही. जड ओंडके तिने स्वतःच उचलले. आईच्या हातात हलकी लाकडं तेवढी दिली.