सोजराबाईंचं म्हणणं

"या दारातून आत जायचं नाही," गणराज म्हणाला आणि आईची व्हीलचेअर धरून तिथंच उभा राहिला.

दारावर ‘पॅलिएटिव्ह केअर’ असं लिहिलं होतं. किडनीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली तेव्हाच त्याने तो शब्द मोबाइलवर शोधला होता. कॅन्सरवाले, शेवटचे दिवस, असलं काहीबाही आलं. बायकोलाही, म्हणजे वर्षालीला, त्याने ते सांगितलं नव्हतं. आईला कॅन्सर कुठे होता? तिचं हृदय कमजोर झालं होतं, साखर फार जुनी होती, फुफ्फुसं भोसरीतल्या रबराच्या वर्कशॉपच्या धुरात गेली होती आणि आता किडन्यांनी मान टाकली होती. पण एकेका आजाराला एकेक डॉक्टर होता, एकेक गोळी होती. डायलिसिस सुरू केलं की हेही मार्गी लागेल, असं त्याने मनात धरलं होतं.

"गणा, दारात कशाला अडवलंस? मागं लोकं खोळंबल्यात," आई म्हणाली.

"मी मोठ्या डॉक्टरांशी बोलून येतो. तुम्ही इथंच थांबा."

वरच्या मजल्यावर मोठे डॉक्टर भेटले नाहीत, ते राउंडला गेले होते. तो तणतणत खाली आला तर व्हीलचेअर जागेवर नव्हती. नंबर पुकारला तशी आई वर्षालीला घेऊन आत गेली होती.

आत एक डॉक्टरीणबाई स्टूल ओढून आईच्या अगदी पुढ्यात बसल्या होत्या. डॉक्टर मृदुला असं नाव कोटावर होतं. रात्री झोप लागते का, अंगाला खाज किती सुटते, जेवण जातं का, असं त्या विचारत होत्या आणि आई सांगत होती. एवढं आई घरीही बोलत नसे.

"मॅडम, आम्हाला डायलिसिसचं सांगा," गणराज उभ्या उभ्याच म्हणाला. "आम्ही हात टेकायला आलेलो नाही."

"बसा तुम्ही. हात कुणीच टेकत नाहीये. हृदयाच्या गोळ्या, इन्सुलिन सगळं चालू राहणार, डॉक्टरही तेच. मी त्यांच्या जोडीला. धाप, खाज, मळमळ, झोप हे मी बघते."

"आणि डायलिसिस?"

"करता येईल. पण या हृदयाला ते कितपत झेपेल, हे किडनीच्या डॉक्टरांनाही सांगता येत नाही. म्हणूनच त्यांनी पाठवलंय. कदाचित थोडे महिने जास्त मिळतील. कदाचित ते महिने दवाखान्यातच जातील. तेव्हा आधी यांचं म्हणणं काय, ते ऐकू."

"तिला काय कळतंय त्यातलं?"

"मला इचारून तर बघा," आई म्हणाली.

डॉक्टरांनी आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. "सोजराबाई, तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?"

गणराजने मान खाली घातली. आता ती मरणाचं नाव काढणार आणि आपल्याला ते ऐकावं लागणार.

"हात बांधत्यात, त्येची," आई म्हणाली.

"कुणाचे हात?" त्याने विचारलं. पण आई त्याच्याकडे बघतच नव्हती. ती डॉक्टरांनाच सांगत होती.

"मागल्या बारीला मला आयसीयूत ठेवलं व्हतं. तोंडावर त्यो मास्क. जीव घुसमटला म्हणून काढाया गेले, तर दोनी हात पलंगाला बांधलं. नाकाला खाज सुटली तरी खाजवता येईना. मी त्या पोरींना म्हणायची, सोडा गं बायांनो. पर मास्कातनं आवाजच भाईर जात न्हवता. किती दिस त्ये बी कळंना. तिथं दिवा कवाच बंद होत न्हाई."

गणराजला ते दिवस आठवले. तो बाहेर बाकावर झोपत होता. काचेतून आई दिसायची, गळ्यापर्यंत चादर. तो हात हलवायचा. ती हलवायची नाही. त्याला वाटायचं, गुंगीत असेल.

"मला का नाही सांगितलंस?"

आईने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "तू पेढं वाटत व्हतास."

वाटले होते. चाकणच्या कंपनीत त्याच्या अख्ख्या लाइनला वाटले होते. ‘आईला मरणाच्या दारातून ओढून आणली राव,’ असं सांगत सांगत.

ते दिघीला घरी परतले. पुढचे कितीतरी दिवस गणराज आईशी ‘गोळ्या घेतल्या का?’ याच्यापलीकडे बोलला नाही. त्याचा राग कुणावर होता, हे त्यालाच उमगत नव्हतं. तो आयटीआयला असताना वडिलांच्या छातीत कळ आली होती. रिक्षा गर्दीत अडकली आणि वडील त्याच्या मांडीवरच गेले. तेव्हापासून एकच गोष्ट त्याच्या मनात पक्की बसली होती. माणसाला वेळेत दवाखान्यात पोचवायचं. बाकी सगळं नंतर.

गुरुवारी कंपनीला सुट्टी होती. आई गॅलरीत खुर्चीवर बसली होती. समोर मिलिटरीच्या हद्दीतली झाडं वाऱ्याने हलत होती. तो जवळ जाऊन उकिडवा बसला.

"डायलिसिसची तारीख घेऊ का?"

"नगं."

"लोक काय म्हणतील? योगिनी काय म्हणेल? भावाने आईला घरात मरायला ठेवलं?"

"म्हणू दे." आईला एवढ्यावरच दम लागला. ती थांबली, मग म्हणाली, "तुझ्या बापाला दवाखाना घावला न्हाई, त्येचं तुझ्या मनात हाय. मला घावला की रं. लई घावला. आता पुरं."

"आणि धाप लागली तर?"

"भ्या वाटतं की. न्हाई कसं म्हणू? पर तवा तुमी जवळ असावं. काचंच्या पल्याड नगं."

तो उठून आत गेला. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने डॉक्टर मृदुलांना फोन लावला. त्या आठवड्यात एक नर्सबाई घरी आल्या. धाप वाढली तर जिभेखाली कोणतं औषध ठेवायचं, कसं बसवायचं, खिडकी उघडून तोंडावर वारा कसा घ्यायचा, कुणाला फोन करायचा, हे त्यांनी वर्षालीला आणि त्याला दोनदा करून दाखवलं. गणराजने कंपनीत मोठमोठी यंत्रं उघडून जोडली होती, पण ती बारीकशी गोळी हातात धरताना त्याला घाम फुटला.

प्रसंग यायचा तो पुढच्याच एका गुरुवारी आला. बहीण योगिनी देहूरोडहून भेटायला आली होती. दुपारची जेवणं झाली आणि आईला एकदम धाप लागली. ओठ निळे पडले, घशात घरघर सुरू झाली. वर्षालीने गोळी जिभेखाली ठेवली, खिडकी उघडली, नर्सबाईंना फोन लावला. गणराज आईच्या पाठीला छाती लावून बसला.

"अरे, बघत काय बसलास?" योगिनी किंचाळली आणि तिने मोबाइल काढला.

थोड्या वेळाने खाली सायरन वाजला. आईने तो ऐकला. ती बोलू शकत नव्हती. तिने नुसते गणराजकडे डोळे वळवले. त्याने वर्षालीला आपल्या जागी बसवलं आणि तो जिना उतरला.

दोघं जण स्ट्रेचर बाहेर काढत होते. "पेशंट कितव्या मजल्यावर, भाऊ?"

तिसरा मजला, एवढंच तर गणराजला सांगायचं होतं. ते दोघं आईला झेलत खाली आणतील, मास्क लावतील, आणि मग त्याच्या हातात काही उरणार नाही. नुसतं बाकावर बसायचं. किती सोपं होतं ते.

"न्यायचं नाहीये," तो म्हणाला.

"काय झालं? गेले का?"

"नाही. आहे. पण न्यायचं नाहीये. तिची इच्छा नाही."

ड्रायव्हरने त्याच्याकडे नीट पाहिलं. सोसायटीतली माणसं गेटापाशी जमली होती, तीही पाहत होती. गणराज पाठ फिरवून जिना चढू लागला.

वर योगिनी दारातच उभी होती. "दादा, तू मारतोयस आईला."

तो पुन्हा आईच्या मागे जाऊन बसला. संध्याकाळी नर्सबाई आल्या, तोवर घरघर कमी झाली होती. पण त्या मधल्या वेळात आपण बरोबर वागलो की चूक, हे गणराजला कळलं नाही. पुढेही कधी नीट कळलं नाही.

आई दिवाळीपर्यंत राहिली. सगळे दिवस काही चांगले गेले नाहीत. खाज कमी झाली, पण सूज वाढली. कधी ती वर्षालीला आपल्या वर्कशॉपमधली मैत्रीण समजायची. कधी मात्र चहात बुडवून अर्धी खारी मागायची आणि चवीने खायची. योगिनी येणं टाळत होती. फोन करायची, तोही वर्षालीला.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, उजाडता उजाडता आई गेली. रात्रभर श्वास लांबत गेला होता. गणराजने तिचा तळहात हातात धरला होता. पुढचा श्वास येईल म्हणून तो वाट बघत राहिला.

मग त्याने योगिनीला फोन लावला.

"कुठल्या दवाखान्यात?" तिने पहिल्याच शब्दाला विचारलं.

"घरी आहे."

पलीकडून रडणं आलं, आणि "येते मी," एवढंच.

वर्षाली चुलत्यांना कळवायला बाहेरच्या खोलीत गेली. गणराज कॉटपाशी उभा राहिला. गेली दोन वर्षं आईला आडवं होता येत नव्हतं. आडवी झाली की छातीत पाणी भरायचं, म्हणून पाठीशी उशांचा ढीग रचून ती बसल्या बसल्याच झोपायची. आताही तशीच बसली होती, मान कलती करून.

त्याने एक हात तिच्या पाठीखाली घातला आणि दुसऱ्या हाताने एकेक उशी काढायला सुरुवात केली. एक काढायचा, आईला किंचित खाली आणायचा आणि थांबायचा. तिला धाप लागेल म्हणून.

शेवटची उशी निघाली. आई गादीवर सपाट झोपली.

तो तरीही हात न काढता थोडा वेळ तसाच वाकून राहिला.