मामांची जास्तीची ओळ

फुकटचं म्हटलं की मामा सोडत नसत, आणि फुकटच्या मागून येणाऱ्या अटी वाचत नसत. त्यांच्या चिमुकल्या कंपनीत दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम बनायचा: आतला पेशंट बाहेर पडला की भिंतीवरच्या पाटीवर पुढचा नंबर. लिहिलेला कोड मशीनला कळेल असा करून देणारा कंपायलरही फुकटचाच. त्याची काही कटकट नव्हती. पण पाटीचा भाग नेटवरून उचललेला, आणि त्याची अट अशी, की गिऱ्हाइकाने मागितला तर सगळा कोड उघडा करून द्यायचा.

एका मोठ्या हॉस्पिटलने मागितलाच. "घ्या की! आपल्याला काय लपवायचंय, सूनबाई?" असं म्हणत मामांनी स्वतःच तो पाठवूनही दिला.

सूनबाई म्हणजे मामांच्या भाच्याची बायको. सासूबाईंनी धाकट्या भावाकडे शब्द टाकून तिला इथे चिकटवलं होतं. नोकरी गेली असती तर घरात तोंड दाखवायची सोय नव्हती. आणि लपवायचं होतं ते तिलाच! नंबर पुढे सरकवायला एक ओळ पुरते, पण मामा अडून बसले होते: "एकीवर भरवसा नको, दोनदा लिही!" तिने मुकाट्याने दुसरी ओळ घातली आणि रागाच्या भरात वर शेरा मारला. शेरे माणसांसाठी असतात, मशीन ते सोडून देतं. 'पुढची अक्कल मामांची', आणि शेजारी तिरक्या रेघांची झुपकेदार मिशी.

हॉस्पिटलवाल्यांनी तो कोड आपल्या मशीनवर, आपल्या विकतच्या कंपायलरमधून काढला, आणि जो काही गोंधळ उडाला! पाचनंतर सात, सातनंतर नऊ. सहा आणि आठ नंबरवाले हातघाईवर आले.

"आपल्याकडे चालतं, त्यांच्याकडे का नाही? काढ बघू कोड," मामा खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले.

आता काय, मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. तिने काढला. मामांनी शेरा वाचला, मिशी पाहिली. आणि तेवढ्यात तिला दिसलं.

"मामा, शेरा अशा तिरक्या रेघेवर संपला की खालची ओळही शेऱ्यातच जाते. इथे रेघेनंतर चुकून एक मोकळी जागा पडलीये. आपला कंपायलर ती जागा मोजतच नाही; त्यांचा मोजतो, म्हणून त्यांच्याकडे शेरा तिथेच संपला."

"म्हणजे?"

"आपल्याकडे मिशीने तुमची ओळ गिळली होती. त्यांच्याकडे ती चालली, म्हणून नंबर दोनदोनदा सरकला."

मामांनी नकळत स्वतःची मिशी चाचपली. "म्हणजे माझी ओळ चालत नव्हती, म्हणून आपलं चालत होतं?"

"हो," ती कशीबशी म्हणाली. हसू आणि रडू एकदमच आलं होतं. "चुकलं माझं, मामा."

मामा उठले. दार लोटून परत आले. "ओळ काढ. शेराही काढ," असं दरडावून ते क्षणभर घुटमळले, मग आवाज एकदम उतरला.

"सूनबाई, ताईला सांगणार नाहीस ना? तिच्या लेखी मी अजून गणितात नापास झालेलाच आहे."