कोपरा फाटलेलं कार्ड

"आये, तिला परीक्षेला न्हेऊन बशिवणं तुझ्याकडं. टपाल येवो न येवो, कुनी काय बी म्हनो. थांबायचं न्हाय."

गेलेल्या मुलाचा आवाज अंबूबाईंच्या कानात अजून तसाच होता. खोकल्यानं मध्येच तुटणारा, पण सांगायचं ते पुरतं सांगणारा. तुळशीला पाणी घालून त्या ओलेत्यानंच वळल्या, तर कट्ट्यावर कार्ड पडलेलं. सोवळ्यातल्या बाईला शिवायला नको म्हणून रवळू पोस्टमन ते तिथंच ठेवून पुढच्या गल्लीला गेला होता. अंबूबाई उचलायला वाकल्या आणि त्यांचा हात अधांतरीच राहिला.

कार्डाला वरचा कोपरा नव्हता.

अंबूबाईंना अक्षरओळख नव्हती, पण एवढं कळायला ती लागत नाही. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेलं. ते उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही. दारातच वाचून घ्यायचं, फाडून टाकायचं आणि अंगावरून पाणी घ्यायचं. त्यांच्या सुनेची, दुर्गाची आई खानापूरकडच्या गावात महिनाभर अंथरुणाला खिळून होती. मग हे दुसऱ्या कुणाचं असणार?

शेजारच्या जयाबाईंची सून वाचून दाखवील, म्हणून त्या दोन पावलं गेल्या आणि परत फिरल्या. वाचलं म्हणजे ऐकलं, आणि ऐकलं की सुतक लागलं. लेक सासरी असली तरी आईबापाचं तीन दिवसांचं सुतक तिला चुकत नाही. ऐकलं तर दुर्गा आजच माहेरची वाट धरणार. तिथून ती कधी यायची आणि परीक्षेला कधी बसायची? न ऐकलेल्या मरणाला मात्र सुतक नसतं. हे अंबूबाईंनी देवळातल्या पुराणात ऐकलं होतं, आणि आज देवानंच ते आठवून दिलं असं त्यांना वाटलं.

त्यांनी कार्डाचे बारीक तुकडे केले, न्हाणीच्या चुलीत घातले आणि डोक्यावरून पाणी घेतलं. विहिणीचा आत्मा आपल्याला क्षमा करो, असं मनात म्हटलं. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःचं मीठ सोडलं.

"आत्या, अळणी का खाताय?" दुर्गानं विचारलं होतं.

"नेम धरलाय गं," अंबूबाई म्हणाल्या. त्यांचे नेम घराला नवे नव्हते. मुलगा गेल्यापासून तिन्हीसांजेला तुळशीपुढं दिवा लावल्याखेरीज त्यांच्या तोंडात अन्नाचा कण जात नसे.

दुर्गाचं कॉलेज म्हणजे या घराचा एक कोपरा होता. पुण्यामुंबईकडं बायकांसाठी एक विद्यापीठ निघालं होतं आणि ज्यांना कॉलेजात जाता येत नाही अशा बायकांना घरी बसून अभ्यास करून परीक्षा देता येत होती. तिच्या नवऱ्यानंच कुठून तरी हे शोधून काढलं. तो निपाणीतच तंबाखूच्या वखारीत काट्यावर, वजन करायला होता. दिवसभर तंबाखूची धूळ छातीत घ्यायचा आणि संध्याकाळी बायकोपुढं पुस्तक धरायचा. प्रवेशाची परीक्षा दुर्गानं तो असतानाच बेळगावला जाऊन दिली, कॅम्पातल्या एका शाळेत. पुढचा अभ्यास टपालानं होई. पुण्याला मालुबाई म्हणून एक बाई होत्या, त्या प्रश्न पाठवत. दुर्गा उत्तरं लिहून धाडी आणि ती तांबड्या शाईनं भरून परत येत. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. तरी भाकरी थापताना दुर्गा मध्येच म्हणायची, "मालुबाई रागावणार बघा आत्या, निबंध लई लांबला." जणू त्या बाई शेजारच्या खोलीत बसल्या होत्या.

गेल्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर नवरा गेला. दुर्गा वर्षभर कोपऱ्यात बसली. यंदाही परीक्षेला बसली नाही तर नाव कमी होईल, असं मालुबाईंनी कळवलं होतं. थोरला चुलत दीर भावकू वखारीत मुकादम होता. तो वाईट माणूस नव्हता, पण त्यानं स्पष्ट सांगितलं होतं, की यंदा काय ते करा, मग पुस्तकं बांधून ठेवा आणि सासूसून दोघी वखारीत पानं निवडायला या. दुर्गानं मान हलवली होती. मुलींच्या शाळेत बाईंची एक जागा रिकामी व्हायची होती. ही परीक्षा झाली तर ती आपल्याला मिळेल, एवढ्या एका आशेवर तिनं ती हलवली होती. वखारीच्या धुळीनं माणसाचं काय होतं ते दोघींनीही घरातच पाहिलं होतं.

आता परीक्षा सोमवारवर आली आणि रविवार उजाडला तरी टपाल आलं नव्हतं. यंदा कोल्हापूरकडच्या बायका जास्त आहेत, तेव्हा कदाचित सगळ्यांना तिकडंच बसवतील, नक्की काय ते विद्यापीठाच्या कार्डावरून कळेल, असं मालुबाईंचं शेवटचं पत्र होतं. दुर्गा पोस्टाच्या बंद दारापर्यंत जाऊन आली. येऊन उंबऱ्यावरच बसली.

"न्हाय आलं," ती म्हणाली. "नाव काढलंच असंल माझं. ऱ्हाऊ दे आत्या. मी दुपारच्या मोटारीनं आईकडं जातो. तिला तरी बघून येतो."

अंबूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांची बोटं सुपातच थांबली.

"जाऊ नगंस."

"का?"

त्यांनी सूप बाजूला सारलं. मग अगदी हळू, देवाला सांगावं तसं म्हणाल्या, "तिथं कोन न्हाय आता, पोरी. तुझी आई गेली. कार्ड आलतं. तुझी परीक्षा बुडंल म्हनून म्या सांगितलं न्हाय."

दुर्गा रडली नाही. तिनं पदर तोंडाशी धरला आणि भिंतीला टेकली. अंबूबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. मग दुर्गानं विचारलं, कार्ड कुणी लिहिलं होतं, दादानं का गुरवानं, आणि कधी गेली म्हणून लिहिलं होतं. अंबूबाई म्हणाल्या, की कुणाकडून वाचूनच घेतलं नाही. कोपरा फाडलेला होता, त्यात वाचायचं काय होतं?

दुर्गानं मान वर केली. "आत्या, अक्षर कसं हुतं?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"न्हाय, दिसायला कसं हुतं? आमच्या दादाचं अक्षर म्हंजे कोंबडीनं उकरल्यागत असतंय."

अंबूबाईंनी डोळे मिटले. कार्ड त्यांना लख्ख दिसत होतं. इतके दिवस तेच तर दिसत होतं. "तसं न्हवतं गं. सारखं हुतं. सगळी अक्षरं एका उंचीची, वळीत बसल्यागत. मधी मधी तेवढं हातानं लिवल्यालं. आन् खाली निळा गोल शिक्का."

दुर्गा उठून उभी राहिली.

"आई हाय," ती म्हणाली. "आत्या, माझी आई हाय. छापील कार्ड हुतं त्ये. कोपरा कुठंतरी अडकून फाटला असंल." तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते पुरतं उमटायच्या आतच तिला पुढचं कळलं आणि ती होती तिथंच खाली बसली. परीक्षा कुठं ते त्या कार्डावर होतं. तिचा नंबर त्या कार्डावर होता. आणि कार्डाची राख अंबूबाईंनी त्याच दिवशी उकिरड्यावर टाकली होती.

आई जिवंत आहे याचा आनंद त्या घरात कुणालाच करता आला नाही.

अंबूबाई देवापुढं जाऊन बसल्या. हात जोडले, पण मागायला काही सुचेना. इतकी वर्षं नेम केले, उपास केले, मुंगीवर पाय पडू दिला नाही, आणि या हातांनी हे केलं. वखारीची धूळ आता पोरीच्याही छातीत जाणार, आणि तिथवर तिला आपणच नेऊन सोडलं. त्यांनी समईची काजळी पुसली, पुन्हा पुसली. मग कानात तोच आवाज आला. टपाल येवो न येवो.

त्या बाहेर आल्या. "दुर्गे, ऊठ. लुगडं बदल."

"कुठं जायचं आत्या? बेळगाव एका अंगाला, कोल्हापूर दुसऱ्या अंगाला."

"तुला ठावकी हाय ती शाळा कुठली?"

"बेळगावची. कॅम्पातली."

"मग तू बेळगावला जा. कोल्हापूर माझ्याकडं."

दुर्गा त्यांच्याकडं बघत राहिली. निपाणीबाहेर अंबूबाई एकट्या कधी गेल्या नव्हत्या. "तुमी जाऊन काय करनार?"

"पोरींची मोठी शाळा कुठं म्हनून इचारीन. तिथं परीक्षा असली तर मास्तरांना सांगीन, हिचं नाव काढू नगा. ती बसायला निघालती, कार्ड म्या जाळलं. तुला बसायची जागा धरून ठेवा म्हनंन."

परीक्षेत जागा धरता येत नाही, हे दुर्गानं त्यांना सांगितलं नाही. कागदावर नाव लिहून देते, एवढंच म्हणाली. अंबूबाईंनी मान हलवली. "कागुद नगं गं बाई. माझ्या हातात कागुद दिऊ नगंस. तोंडपाठ करतो."

दुर्गानं नाव सांगितलं. सगळं, तिथं लागतं तसं. अंबूबाई ऐकत राहिल्या आणि मधल्या शब्दाला त्यांनी खाली बघितलं.

बेळगावच्या मोटारीत दुर्गा पुस्तकांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली. खिडकीतून तिनं सासूचा हात धरला. मोटार गेली. कोल्हापूरची मोटार दुपारीच भरून गेली होती आणि आता उद्याशिवाय नव्हती. कोगनोळीपर्यंत चालत गेलं तर पुढं तंबाखूची एखादी गाडी मिळेल, असं अड्ड्यावरच्या कुणीतरी सांगितलं.

अंबूबाई घरी आल्या. किल्ली जयाबाईंकडं दिली. एका डबीत थोडं तेल घेतलं, दोन वाती घेतल्या. दिवेलागणी वाटेतच होणार होती. कुणाच्या तरी अंगणात तुळस असेलच.

मग पदर खोचून त्या कोल्हापूरच्या रस्त्याला लागल्या. नाव घोळवत.

"दुर्गाबाई..." आणि जीभ अडली. मधलं नाव तो गेल्यापासून त्यांनी उच्चारलं नव्हतं. घरात "पोरगं" म्हणत, देवापुढं नुसतं "त्याला" म्हणत. पण मास्तर विचारतील तेव्हा अर्धं नाव चालायचं नाही.

ऊस घेऊन एक गाडी समोरून आली, त्या कडेला झाल्या. गाडी गेल्यावर पुन्हा चालू लागल्या आणि हलक्या आवाजात, कुणी निजलेलं उठू नये तसं, म्हणाल्या,

"दुर्गाबाई शामराव शिप्पूरकर. शामराव. शामराव शिप्पूरकर."