काल तुमची फिल्म पाहिली

लिफ्टच्या तळमजल्याच्या बटणावर कुणीतरी लावलेला नेलपॉलिशचा गुलाबी ठिपका... एवढी वर्षं ती हे बटण रोज दाबत होती आणि ठिपका आज दिसत होता, एका कडेने उडालेला, खालून जुना आकडा डोकावणारा – आणि बोट त्यावर ठेवून ती तशीच उभी राहिली, कारण शेजारच्या काकू आत शिरता शिरता म्हणाल्या होत्या, "काल तुमची फिल्म पाहिली हो!" आणि पुढे काहीच बोलल्या नव्हत्या.

"दाबा ना," काकू म्हणाल्या. मग दोन मजल्यांनंतर – "शेवट काही कळला नाही बाई मला. पण रडू मात्र आलं. यांनाही आलं. ते म्हणतात, सर्दी झालीय."

काकूंना पिशवीसकट मिठी मारावी असं तिला वाटलं. एकोणीस वर्षं ती वाहिनीच्या संकलन खोलीत बसून इतरांच्या फिल्मा कापत आली, जोडत आली, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी तिला एक स्वतःची मिळाली – टीव्हीपुरती, अकरा दिवसांत उरकायची, सात माणसं आणि उसना कॅमेरा. काल संध्याकाळी सातला ती फिल्म लोकांच्या घरांत शिरली. सकाळपासून तिच्या मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या, आणि त्या उकळ्यांच्या तळाशी एक खडा होता, तो ढवळला की खडखडत होता. बाबांचा फोन आला नव्हता.

कोपऱ्यावरचा औषधवाला काउंटरवरून अर्धा बाहेर वाकला. "ताई, ते घड्याळ! घड्याळजीच्या दुकानातलं भिंतीवरचं घड्याळच बंद. म्हणजे त्याच्यापुरता काळच थांबलाय, बरोबर ना? मी घरी सगळ्यांना समजावून सांगितलं."

शूटिंगच्या वेळी त्या घड्याळाचा सेल संपला होता. सात माणसांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही, आणि संकलनात आलं तेव्हा तिने टेबलावर कपाळ आपटून घेतलं होतं. "हो," ती म्हणाली, "तसंच काहीसं." आणि धडधडीत खोटं बोलूनही पुढच्या वळणापर्यंत ती एकटीच हसत चालली होती, समोरून येणारा पोस्टमन तिच्याकडे बघून उगाचच हसला, इतकी.

पण बाबा, तिच्या मनात आलं. बाबा चष्मेवाले, चाळीस वर्षांचं दुकान. माझ्या फिल्ममधला घड्याळजी म्हणजे तेच, हे त्यांच्यावाचून कुणाला कळणार? दोन वर्षांपूर्वी मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टर मान खाली घालून काहीतरी लिहीत होते, अक्षरांच्या तक्त्यामागचा दिवा अजून लावलाच नव्हता, आणि त्या काळोख्या चौकोनाकडे बघत बाबांनी खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली – वरचं मोठं अक्षर, मग दोन, मग तीन... चाळीस वर्षं गिऱ्हाइकांकडून वाचून घेतलेला तक्ता. डॉक्टर "उत्तम" म्हणाले. मी दारात उभी होते. बोलले नाही. बोलले असते तर दुकान बंद झालं असतं. आंधळ्या चष्मेवाल्याकडे कोण येणार? दोन वर्षं मी गप्प बसले, आणि मग तीच गोष्ट त्यांना न विचारता उचलून गावभर दाखवली.

ऑफिसात टाळ्या पडल्या. तिच्या विभागाचे साहेब, जे कौतुकसुद्धा कात्री लावून करायचे, ते म्हणाले, "बरी आहे. अंधार मात्र धाडसाने वापरलाय." दिवे दोनच होते, त्यातला एक चौथ्या दिवशी गेला. एका निवृत्त शिक्षकाने वाहिनीला लिहिलं होतं की नायक अखेरपर्यंत एकच शर्ट घालतो, यातून त्याचा एकाकीपणा फार संयमाने व्यक्त झाला आहे. तिने ते पत्र दोनदा वाचलं. आपल्याजवळ जे जे नव्हतं ते ते लोकांनी आपल्या पदरचं घालून भरून काढलं होतं... अनोळखी माणसं, जेवता जेवता, इतकी उदार! आणि खडा पुन्हा खडखडला, तशी दुपारी सुट्टी टाकून ती निघालीच.

दुकानाच्या पायरीवर तिने मनातल्या मनात तीन वेगवेगळी वाक्यं जुळवली – बाबा, ते तुम्ही नाही. बाबा, चुकलं माझं. बाबा, मला सगळं माहीत आहे – आणि तिन्ही कापून टाकली. आत बाबा एका फ्रेमचा स्क्रू बोटाने चाचपून बसवत होते, नजर भलतीकडेच.

"या, दिग्दर्शकबाई," ते वर न बघता म्हणाले. पावलांवरून ओळखलं असणार.

"पाहिली का तुम्ही?"

"लावली होती." स्क्रू बसला. त्यांनी फ्रेम घडी करून खाली ठेवली, हात पुसले. एवढा वेळ त्यांनी कधी हात पुसले नव्हते. "तुझा तो नट... माणूस चांगला आहे. आवाज दमदार. पण डॉक्टरकडे तक्ता म्हणतो, तिथे फसला."

"फसला म्हणजे?"

"अगं, सगळा न चुकता म्हटला त्याने! घडाघडा! असं कुणी करतं का? या वयात शेवटची ओळ न चुकता वाचली तर डॉक्टरला लगेच संशय येईल. शेवटच्या ओळीत जरा थांबायचं, डोळे बारीक करायचे, आणि एक अक्षर मुद्दाम चुकवायचं. एकच. दोन नाही."

थांबले होते बाबा, तिला आठवलं. त्या दिवशीही शेवटच्या ओळीत थांबले होते, डोळे बारीक केले होते, आणि एक अक्षर चुकलं होतं – मला वाटलं, पाठांतर कच्चं; दृश्य घट्ट व्हावं म्हणून मीच ते गाळलं... अख्ख्या फिल्ममधली एकच चूक, जी कुणी कौतुकाने भरून काढली नाही, आणि ती धरली कुणी, तर ज्याला पडदा दिसलाच नव्हता त्याने.

तिला हसू फुटलं, आणि रडूही, आणि बाबा तर केव्हाचे हसत होते, चोरी पकडली गेल्यावर लहान मुलं हसतात तसे, खांदे हलवत.

"मला विचारायचंस तरी," ते म्हणाले. "फुकट शिकवलं असतं."

"बाबा, डॉक्टरांकडे..."

"ते बघू." हसू थोडं कमी झालं. त्यांनी शेजारचं स्टूल पायाने तिच्याकडे सरकवलं. "परत कधी दाखवणार आहेत?"

"रविवारी. सकाळी."

"मग ये. शेजारी बस. मध्ये मध्ये कुणी बोलतच नाही तुझ्या फिल्ममध्ये, नुसती शांतता – तेव्हा काय दिसतं, ते सांग मला."

ती स्टुलावर बसली. काय दिसतं? भिंत, शर्ट, अर्धा अंधार, एक माणूस खिडकीशी... कॅमेऱ्याने काय पाहिलं हे तिला चौकट न् चौकट पाठ होतं, पण तोंडाने सांगायला लागलं तर कुठून, किती, आणि बाबांनी "म्हणजे कसं?" विचारलं तर? परीक्षेला जाताना पेपर सोपा असेल असं वाटतं, तसं काहीसं तिला वाटलं. कालपासूनची भीती कुठे गेली होती कोण जाणे, तिच्या जागी एकच धास्ती होती, तीही आनंदाचीच – सांगताना काही राहून जायला नको.