घरचा घेवडा

सगुणाबाईच्या पायाला सकाळपासून भिंगरी लागली होती. आतल्या खोलीत जायची, खोक्याला कान लावायची, परत ओट्याशी येऊन उभी राहायची. सून तेजल अजून कंपनीतून यायची होती, आणि संध्याकाळी तळवड्याहून विजयश्री मॅडम पाट्या न्यायला येणार होत्या. दारावर लावायच्या नावाच्या लाकडी पाट्या. नावाभोवती चिंचोके, सागरगोटे आणि घरचा ठिपक्यांचा घेवडा चिकटवून तेजलनं अशी वेलबुट्टी काढली होती, की बघत राहावं. ह्या पसंत पडल्या तर मॅडमच्या अख्ख्या ऑफिसचं काम मिळणार होतं, मग शिफ्टचं जोखड सुटलं म्हणायचं. पोरगी त्याच आशेवर होती.

आणि ह्या बाईनं काय करून ठेवलं होतं!

चिकटवण्याआधी बी भाजून घ्या, नाहीतर आतला किडा जागा होतो, असं तेजलनं बजावलं होतं. चिंचोके भाजताना सगुणाबाईचा हात अडला नाही. घेवड्याशी अडला. पेरायचं बी विस्तवाला दाखवायचं नाही, राखेत घोळून, कडूलिंबाचा पाला घालून मडक्यात ठेवायचं, ही तिच्या घरची रीत. गेल्या साली शेत गोडाऊनसाठी गेलं. म्हणून काय रीत सुटते होय? तिनं घेवडा तसाच पुसून दिला आणि वर "व्हय, भाजला की" म्हणाली.

आता पाट्यांच्या खोक्यात कुरकुर चालली होती. तिनं झाकण काढलं. घेवड्याला भोकं पडलेली, पीठ सांडलेलं, आणि टोक्याचे दोन किडे कुणाच्या तरी नावावरून खुशाल फिरत होते.

तेजल आली. तिनं डबा खाली ठेवायच्या आत सगुणाबाई बोलून मोकळी झाली. "म्या न्हाई भाजलं. खोटं बोलले. घाल मला शिव्या."

तेजलनं एकेक पाटी उचलून बघितली. "अहो आत्या, सांगायचं तरी! मी दुसरं काही लावलं असतं."

"जीव धजला न्हाई गं."

तेजलनं मॅडमना फोन लावला, गयावया करून उद्यापर्यंतची मुदत मागून घेतली आणि किडलेला घेवडा खरवडायला बसली. त्या जागी बसेल असं दुसरं बी घरात नव्हतं. मडक्यात उरलेला घेवडा तेवढा होता. ती मडक्याकडे बघायची, सासूकडे बघायची, आणि पुन्हा खरवडायला लागायची.

सगुणाबाईच उठली. राख पाखडली, धड बी निवडलं आणि सगळं कढईत ओतलं.

"आत्या, मूठभर तरी ठेवा बाजूला."

"कुठं पेरू? गोडाऊनच्या पत्र्यावर?" ती फटकन बोलली आणि उलथनं फिरवू लागली.

शेताची सही करून आली त्या दिवशी ती रडली नव्हती. उलट आल्यागेल्यांना चहा पाजला होता. आज घेवड्याचा खमंग वास सुटला आणि म्हातारी कढईपुढं उभ्या उभ्या हमसून हमसून रडली. तेजलनं तिच्या हातातलं उलथनं घेतलं आणि बी करपू नये म्हणून हलवत राहिली.